शेकाटे शेकड्याने, पण कवड्या खंड्या कुठाय?

पुण्यात संगम पुलापाशी मुळा आणि मुठा एकत्र येतात, मग बंड गार्डनचा बंधारा लागतो, आणि तिथून थोडं खाली आलं की येरवडा-कल्याणीनगरच्या बाजूला हा झाडीचा पट्टा. सगळे याला सलीम अली पक्षी अभयारण्य म्हणतात, पण नावावर जाऊ नका, वन्यजीव कायद्याखाली जाहीर झालेलं अभयारण्य नाहीये हे. पायवाटा आहेत, बाभळी आहेत, राडारोडा आहे, जवळून मेट्रो जाते, आणि वास आहे. वास व्हिडिओत येत नाही, नशीब तुमचं.

थंडीत सकाळी साडेसहाला आलात तर दुर्बीण गळ्यातच राहू दे, आधी नुसतं ऐका. हे एका लयीत टुक-टुक चाललंय ना, तो तांबट. हा कलकलाट सातभाईंचा, मोजून सातच असतात असं काही नाही. आणि झुडपाच्या बुडाशी एवढा मोठा आवाज काढणारा हा एवढासा प्राणी म्हणजे शिंपी. भारद्वाज आडवा गेला की मॉर्निंग वॉकवाले काका लोक थांबून हात जोडतात, दिवस चांगला जाणार म्हणून, म्हणजे ज्यांनी आयुष्यात दुर्बीण धरली नाही ते पण इथे पक्षी बघतातच.

आता पाण्याकडे चला. लाल लांबलचक पायांचे, काळे-पांढरे, हे शेकाटे. कधीकधी शेकड्याने असतात, आणि नवीन माणूस खूश होतो, वा, एवढे पक्षी म्हणजे नदी मस्तच असणार! तर तसं नाहीये. सांडपाण्याने काठचा गाळ सुपीक होतो, त्यात किड्यांच्या अळ्या माजतात, आणि बारीक चोचीच्या शेकाट्याला तेच पाहिजे असतं. त्यामुळे नदी घाण झाली की याची उलट चंगळ होते. चोचीवर पिवळं आणि लाल लावून फिरणारं हळदी-कुंकू बदकसुद्धा या पाण्यात निवांत पोहत असतं.

खरी गंमत खंड्यात आहे. तारेवर बसलेला हा निळ्या पाठीचा, पांढऱ्या छातीचा खंड्या तुम्हाला सोसायटीच्या गेटवर पण दिसेल, कारण तो नाकतोडे, सरडे, बेडूक काय मिळेल ते खातो, नदीवाचून त्याचं फारसं अडत नाही. पण त्याचा भाऊबंद, काळा-पांढरा कवड्या खंड्या, हा पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो, खाली मासा दिसला की सरळ सूर मारतो. म्हणजे पाण्यात मासा पाहिजे आणि वरून तो दिसला पण पाहिजे, आणि या पाण्यात काय दिसणार! म्हणून मला विचाराल तर नदीची तब्येत याच्यावरून ओळखायची, शेकाट्यांच्या गर्दीवरून नाही.

अजून खाली, सोलापूर रोडने कवडीपाटला गेलात तर हिवाळ्यात चक्रवाक भेटतात, भगव्या रंगाची मोठी बदकं, लडाख-तिबेटकडच्या तळ्यांवरून हिमालय ओलांडून येतात आणि आपल्या फेसाळ बंधाऱ्यावर उतरतात. काय बोलणार.

आणि हा काठ. शहरातल्या नद्यांचे ४४ किलोमीटर सुशोभित करायचा प्रकल्प चालू आहे, झाडं तुटणार म्हणून २०२३ मध्ये लोकांनी चिपको आंदोलन पण केलं. फिरायला जागा कुणाला नकोय, पण खंड्या मातीच्या उभ्या दरडीत बोगदा खणून अंडी घालतो, तुतवार आणि धोबी हे छोटे पक्षी चिखलाच्या कडेकडेने खातात, आणि दगडी उतार केला की दरड पण गेली, चिखल पण गेला. बाकी कारंजी वगैरे कितीही लावा.

यायचं असेल तर मळकट रंगाचे कपडे घाला, स्पीकरवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलवू नका, फोटोसाठी तर अजिबातच नको, विणीच्या दिवसात बिचारे खरंच घाबरतात. ५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सलीम अलींच्या वाढदिवसापर्यंत, तेव्हा बऱ्याच ठिकाणी ग्रुप निघतात, नवख्यांनी त्यातल्या एखाद्यात घुसावं. दिसलेल्या पक्ष्यांची लिस्ट ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाका, आणि त्यात नुसतं खंड्या लिहू नका, कुठला ते लिहा.