मोटन फील्ड : गवतावरची धावपट्टी

मंडळी, अमेरिकेच्या अलाबामा राज्यात टस्कीगी नावाचं गाव आहे. त्या गावाबाहेर १९४१ साली एक लहानसा विमानतळ उभा राहिला, मोटन फील्ड. डांबरी धावपट्टी नाही, नुसतं गवताचं मैदान आणि कडेला एक हँगर, म्हणजे विमानं ठेवायची मोठी शेड. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करातल्या कृष्णवर्णीय वैमानिकांना उड्डाणाचे पहिले धडे मिळाले, ते फक्त इथे. मुलगा न्यूयॉर्कचा असो की शिकागोचा, त्याला इथेच यावं लागे. आज मला या ‘इथेच’बद्दल बोलायचं आहे.

लष्कराला कृष्णवर्णीय वैमानिक नकोच होते. आर्मी वॉर कॉलेजच्या १९२५च्या अहवालात लिहिलं होतं की हा माणूस बुद्धीने उणा, धैर्याने उणा. चार्ल्स अँडरसन हे कृष्णवर्णीय, म्हणून त्यांना विमान चालवायला शिकवायलाच कुणी तयार नव्हतं. त्यांनी उसनवारी करून स्वतःचं विमान घेतलं आणि १९३२ साली व्यावसायिक परवाना मिळवला. पुढे हेच अँडरसन टस्कीगी इन्स्टिट्यूट या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेत उड्डाणाचे मुख्य प्रशिक्षक झाले. मार्च १९४१मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट तिथे आल्या. बरोबरची माणसं नको नको म्हणत असताना त्या अँडरसन यांच्या विमानात बसल्या आणि आकाशात फेरी मारून आल्या. त्याचा फोटो देशभर गेला. एलिनॉरबाई रोझेनवाल्ड फंड या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाला मदत करणाऱ्या धर्मादाय निधीच्या विश्वस्त होत्या. या फंडाने विमानतळासाठी १,७५,००० डॉलरचं कर्ज दिलं.

बांधकामाची जबाबदारी आर्ची अलेक्झांडर या कृष्णवर्णीय अभियंत्याकडे होती. वेळ थोडा उरला, तेव्हा इन्स्टिट्यूटचे कामगार आणि कारागीर मदतीला धावले. या संस्थेला ते नवं नव्हतं. तिच्या पहिल्या इमारतींच्या विटासुद्धा विद्यार्थ्यांनीच पाडल्या होत्या.

शिकायचं विमान स्टीअरमन, दोन पंखी, उघडं. पुढे-मागे दोन जागा. गुरूचा आवाज रबरी नळीतून शिष्याच्या कानात पोचे, पण शिष्याला उलट बोलायची सोय नव्हती. ऐकायचं, हात-पाय चालवायचे, चुकलं तर परत. इथे पास झालेला मुलगा काही मैलांवरच्या लष्करी तळावर पुढच्या शिक्षणाला जाई. पहिल्या तुकडीत तेरा जण होते. ७ मार्च १९४२ रोजी त्यातल्या पाच जणांना वैमानिकाचे पंख, म्हणजे पंखांचा बिल्ला, मिळाले. त्यांतले एक बेंजामिन डेव्हिस. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत चार वर्षं कामापलीकडे त्यांच्याशी एकही सहाध्यायी बोलला नव्हता. त्या मौनातून तावून आलेला माणूस पुढे या वैमानिकांचा सेनानी झाला.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. गावात वेगळा पाणवठा दिला, म्हणजे पाण्याचा हक्क मिळाला का? हा प्रश्न आपल्याला महाडच्या चवदार तळ्यापासून ठाऊक आहे. अगदी हाच प्रश्न विल्यम हेस्टी यांनी विमानतळाबाबत विचारला. ते युद्धमंत्र्यांचे नागरी सल्लागार, मोठे कायदेपंडित, स्वतः कृष्णवर्णीय. वेगळं प्रशिक्षण हाच अपमान आहे, असं ते सांगत राहिले. लष्करी तळावर तर जेवणघर आणि शौचालयंसुद्धा वेगळी होती. जानेवारी १९४३मध्ये हेस्टींनी राजीनामा दिला. त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. तरीही त्या पहिल्या तेरा पोरांसमोर उभं राहून, ‘थांबा, आधी भिंत पडू दे,’ असं म्हणायचा धीर मला झाला नसता. त्यांच्यामागून युद्ध संपेपर्यंत जवळजवळ हजार वैमानिक तयार झाले. त्यांच्या पाठीशी यंत्र दुरुस्त करणारे, पॅराशूट घडी घालणाऱ्या बाया, स्वयंपाकी, कारकून अशी दहा हजारांहून जास्त माणसं होती. त्यांची नावं फार थोड्यांना माहीत असतात, याचं मला वाईट वाटतं.

२६ जुलै १९४८ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला. मोटन फील्डचं प्रशिक्षण त्याआधीच, १९४६ साली थांबलं होतं. पुढे बरीच वर्षं इमारती पडून राहिल्या, नंतर बांधलेलं दुसरं हँगर आगीत गेलं. १९९८ साली ही जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरली. पहिलं हँगर दुरुस्त करून २००८ साली लोकांसाठी उघडलं, जळालेलंही पुन्हा बांधून काढलं. शेजारची धावपट्टी आता गावाच्या मालकीची आहे. तिच्यावर लहान विमानं अजून उतरतात.