लाकडातून चढणारी वीज

[दृश्य : काचेच्या भांड्यात उभा केलेला लाकडाचा पातळ तुकडा]

पावसाळ्यात घराचं दार फुगतं आणि चौकटीत अडतं. लाकूड हवेतली ओल पितं. झाड तोडून कितीही वर्षं झाली, तरी पाणी ओढायची त्याची सवय सुटत नाही. स्टॉकहोमच्या केटीएच तंत्रविद्यापीठात युआनयुआन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच सवयीतून वीज काढली आहे.

लाकडाचं खालचं टोक पाण्यात, वरचं हवेत. दोन्हीकडे तारा. पंप नाही, मोटार नाही. तरी पाणी वर चढतंय, कारण वरच्या टोकाकडून ते सतत वाफ होऊन उडतंय. जिवंत झाडात मुळांपासून पानांपर्यंत हेच चाललेलं असतं.

[दृश्य : सूक्ष्मदर्शकातून लाकूड]

आता आत बघा. उभ्या नळ्याच नळ्या. त्यांच्या भिंतींवर ऋण भार असतो. पाण्यातले धनभारित कण (आयन) भिंतींच्या कडेकडेने पाण्याबरोबर वर सरकतात आणि दोन टोकांमध्ये विद्युतदाब तयार होतो. नुसत्या लाकडात तो अगदीच क्षीण. म्हणून लाकडावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करतात. लाकडाला बांधून ठेवणारं लिग्निन आणि हेमिसेल्युलोज काही प्रमाणात निघून जातं, भिंतींना बारीक छिद्रं पडतात, पाण्याला भिडायला कितीतरी जास्त पृष्ठभाग मिळतो. नळ्यांची रचना मात्र झाडाचीच. ती कुणाला कारखान्यात घडवावी लागली नाही. या कामाचं खरं मोल तिथे आहे.

असं लाकूड साध्या लाकडाच्या दहापट वीज देतं. लाकूड आणि पाणी यांच्या आम्लतेतला फरकही नेमका साधला, तेव्हा दाब १ व्होल्टपर्यंत गेला. दर चौरस सेंटिमीटरला १.३५ मायक्रोवॅट. दोन-तीन तासांनी जोर ओसरतो.

भांड्यातलं पाणीही लागेलच असं नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या जुन याओ यांच्या गटाने २०२३मध्ये दाखवलं, की १०० नॅनोमीटरपेक्षा लहान छिद्रं असलेल्या जवळपास कुठल्याही पदार्थाचा पातळ थर नुसत्या दमट हवेतून वीज देऊ शकतो. वनस्पतींच्या पेशीभित्तींत इतकी बारीक छिद्रं मुळातच असतात.

[दृश्य : प्रयोगशाळेतलं टेबल, लाकडाचे तुकडे]

लॅपटॉप चालवायचा, तर एक चौरस मीटर आकाराचं, एक सेंटिमीटर जाडीचं लाकूड आणि सुमारे दोन लिटर पाणी लागेल, असा ली यांचा अंदाज आहे. घरासाठी त्याहून बरंच जास्त.