अंगठा, सही आणि आकलन

अध्यक्ष महोदय, अध्यापक मंडळी आणि विद्यार्थी मित्रहो, माणसांवरील संशोधनाचे नीतिनियम सांगणारी 1947 ची न्यूरेम्बर्ग संहिता आणि 1964 चा हेलसिंकी जाहीरनामा आपण परीक्षेपुरता का होईना, पाठ केलेला असल्यामुळे तो इतिहास मी सांगत बसत नाही. माझे म्हणणे असे आहे की संशोधनात सहभागी होण्यासाठी संमती घेताना आपण ऐकणाऱ्याची क्षमता तपासतो आणि समजावून सांगणाऱ्याची तपासायची राहून जाते.

बीड जिल्ह्यातील एका तांड्यावर रक्तक्षयाच्या पाहणीचे काम चालू असताना मी संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या एथिक्स कमिटीच्या वतीने तेथे गेलो होतो. दिवाळी उरकून ऊसतोड मजूर कारखान्यावर निघण्याच्या तयारीत होते. घराघरांत गोरमाटी ही बंजारा बोली बोलली जात होती आणि संमतिपत्र मात्र अशा मराठीत होते की ते लिहिणाऱ्यानेही दुसऱ्यांदा वाचले नसावे. तरुण संशोधकाने ते एका दमात वाचून शाईचा पॅड पुढे केला, तेव्हा समोरच्या बाई म्हणाल्या, "सायेब, मुकादमाची उचल घेताना बी अंगठा दिलता. ह्या कागदानं माझ्या अंगावर काय येतंय, ते सांगा आधी." मग त्यांनी विचारले की उरलेल्या रक्ताचे काय करणार, मध्येच कारखान्यावर गेले तर चालेल का, आणि नाही म्हटले तर दवाखान्यातल्या गोळ्या बंद होतील का. नमुन्यांचा पुढील वापर, माघार घेण्याचा हक्क आणि नकारामुळे उपचार न अडणे, हे तिन्ही मुद्दे संमतिपत्रात होतेच. संशोधकाने मात्र त्यांच्या नावापुढे 'निरक्षर, आकलन मर्यादित' असा शेरा मारला. शेजारच्या गुरुजींनी चष्मा सापडण्याच्या आतच सही ठोकली होती, आणि त्यांच्या आकलनाविषयी कोणालाही शंका आली नाही. (गुरुजी सभागृहात असतील तर त्यांनी रागावू नये.)

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आलेली आहे, त्यामुळे मूळ विषय आता घाईने मांडतो. निर्णयक्षमता ही विशिष्ट निर्णयापुरती आणि त्या वेळेपुरती असते. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण सकाळी जे समजू शकतो, ते संध्याकाळी समजेलच असे नाही. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा उपचारांच्या निर्णयाबाबत सांगतो की निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून ती व्यक्ती अक्षम ठरत नाही. संशोधनातील नकारालाही हीच दृष्टी लावली पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे निरक्षर सहभागीसाठी निःपक्ष साक्षीदार मागतात. तो साक्षीदार संशोधकाच्याच जीपमधून आलेला नसावा. क्षमता खरोखर नसेल तेथे कायदेशीर प्रतिनिधीची संमती लागते, परंतु सासूने परस्पर दिलेला होकार सज्ञान सुनेची संमती होत नाही.

माझी सूचना अशी की अंगठा घेण्यापूर्वी सहभागी व्यक्तीला अभ्यास तिच्याच भाषेत परत सांगायला लावावे, आणि तिला तो सांगता आला नाही, तर पहिला शेरा संशोधकाच्या नावापुढे पडावा. यासाठी लागणारा वेळ संशोधन प्रस्तावाच्या वेळापत्रकात आणि अंदाजपत्रकात आधीच धरलेला असावा. कमिटीने या वेळेचा रकाना रिकामा दिसताच प्रस्ताव परत पाठवावा.