घोट, घास आणि घड्याळ

राजगडाच्या संजीवनी माचीवरून उतरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणारी धार तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या पायाखालची असेल. नकाशावर ती दहा-बारा किलोमीटरची दिसते. रस्त्यावर धावणारा माणूस हा आकडा बघून म्हणतो, सव्वा तासाचं काम, अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या पुष्कळ झाल्या. पण आधी सिंहगड आणि राजगड करून, थकल्या पायांनी भर दुपारी हीच धार चालायला घेतली की तीन तास सहज जातात, कधी चार. बाटल्या निम्म्या वाटेत रिकाम्या होतात आणि तोरण्याचा चढ समोर उभा असतो. इथे चूक घामाची नसते. पाणी किलोमीटरवर मोजलं, ही चूक. डोंगरातल्या अल्ट्रामध्ये, म्हणजे मॅरेथॉनहून लांब शर्यतीत, घोट आणि घास दोन्ही तासांवर मांडायचे. पुढचं सगळं बोलणं या एका गोष्टीभोवतीच आहे.

आधी घाम मोजू. सरावाच्या दिवशी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. शर्यतीत असेल तसल्याच उन्हात, तसल्याच चढावर एक तास पळा. परत आल्यावर घाम पुसून पुन्हा वजन करा. समजा आधी ६८ किलो होतं, नंतर ६७.१ भरलं आणि मधे ४०० मिलिलिटर पाणी प्यालात. म्हणजे ९०० अधिक ४००, तासाला १.३ लिटर घाम. मधे लघवी झाली असेल तर तेवढी वजा करा. पहाटेच्या गारव्यात एकदा आणि दुपारी एकदा, असं दोनदा मोजा. दोन आकड्यांत दुपटीचा फरक निघाला तरी दचकू नका. डिसेंबरात सह्याद्रीत सकाळी अंगावर काटा येतो आणि बाराला कातळ तापलेला असतो, त्यामुळे एकाच शर्यतीत तुमची दोन वेगळी शरीरं धावत असतात.

आता १.३ लिटर घाम जातो म्हणून तासाला १.३ लिटर पाणी प्यायचं का? मुळीच नाही. एवढं पाणी धावताना पोट पुढे ढकलू शकत नाही, ते नुसतं डुचमळत राहतं. शिवाय वजनातली सगळी घट ही पाण्याची नसते. स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवलेली साखर, जळतं आणि त्याच्यासोबत साठलेलं पाणी मोकळं होतं. दिवसभराच्या शर्यतीत दोन-तीन टक्के वजन उतरणं ठीकच. शेवटी वजन होतं तेवढंच राहिलं किंवा वाढलं, तर मात्र गरजेपेक्षा जास्त प्यायलं गेलं. बहुतेकांचं काम तहान लागेल तसं, तासाला ४०० ते ७०० मिलिलिटरमध्ये भागतं. थंडीत त्याहून कमी, भर उन्हात थोडं वर. घामाचा आकडा काढायचा तो पाठीवर किती पाणी न्यायचं हे ठरवण्यासाठी. तेवढं पिऊन संपवलंच पाहिजे असं नाही.

त्या धारेचाच हिशोब करू. तीन तास, तासाला ६०० मिलिलिटर, म्हणजे १.८ लिटर. वाट चुकली, पाय मुरगळला तर हाताशी असावं म्हणून वर अर्धा लिटर. सव्वादोन लिटरच्या वर गेलो, म्हणजे तितकेच किलो ओझं. जड वाटतं, पण दुसरा उपाय नाही. छातीवरच्या दोन अर्ध्या लिटरच्या सॉफ्ट फ्लास्कमध्ये, म्हणजे मऊ बाटल्यांमध्ये, मीठ-साखरेचं पेय आणि पाठीवरच्या ब्लॅडरमध्ये, म्हणजे नळीवाल्या पिशवीत, साधं पाणी, ही मांडणी सगळ्यांत सोयीची. फ्लास्कमधलं डोळ्यांना दिसतं, त्यामुळे तासाला किती गेलं ते कळतं. ब्लॅडर किती उरला हे नळीतून हवा यायला लागेपर्यंत समजत नाही. दुसरं म्हणजे साधं पाणी जवळ हवंच. डोक्यावर ओतायला, खरचटलेला गुडघा धुवायला, गोडाने चिकट झालेलं तोंड खळखळायला सरबत चालत नाही. आणि ब्लॅडरच्या नळीत साखर गेली की दोन दिवसांत बुरशी धरते.

वाटेत टाक्याचं पाणी भरणार असाल तर क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबावं लागतं. म्हणून ते पाणी ब्लॅडरमध्ये घ्या. गोळी काम करत असताना फ्लास्कमधलं पीत राहा.

पेय घरीच करा. एक लिटर पाणी, ६० ग्रॅम साखर, दीड ग्रॅम मीठ, अर्धं लिंबू. साखर आणि मीठ काट्यावर मोजा. चमच्याचा भरवसा नाही, शिगोशीग चमचा आणि सपाट चमचा यांत खूप अंतर पडतं. दीड ग्रॅम मिठात साधारण ६०० मिलिग्रॅम सोडियम असतं. घामात लिटरमागे ५०० पासून १८०० मिलिग्रॅमपर्यंत काहीही असू शकतं. टोपीवर, पाठीवरच्या पट्ट्यांवर मिठाचे पांढरे नकाशे उमटत असतील तर दोन ग्रॅम टाका. शर्यतीत घेण्यासाठी ३० ग्रॅम साखर आणि पाऊण ग्रॅम मीठ अशा पुड्या आधीच बांधून ठेवा, एका फ्लास्कला एक पुडी. भरताना आधी पुडी, मग थोडं पाणी, हलवून विरघळवा आणि मग वरपर्यंत भरा. उलट केलंत तर गुठळ्या झडपेत अडकतात.

साखर म्हटलं की काही जणांच्या कपाळाला आठ्या पडतात. डोंगरात त्या बाजूला ठेवा. नुसतं ग्लुकोज आतड्यातून रक्तात जायचा एक दरवाजा आहे आणि त्यातून तासाला साधारण ६० ग्रॅमच आत जातं. फ्रुक्टोजचा दरवाजा वेगळा आहे. दोन्ही मिळून घेतलं तर सराव असलेल्या पोटाला तासाला ९० ग्रॅमपर्यंत झेपतं. आपल्या डब्यातली साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज आणि निम्मं फ्रुक्टोजच. महागड्या पाकिटावर जी करामत मोठ्या अक्षरांत छापतात, तिच्यातला बराचसा भाग किराणा दुकानात मिळतो.

आणि ती लागते का, तेही पाहा. ६० किलोच्या माणसाला सपाटीवर किलोमीटरमागे सुमारे ६० कॅलरी लागतात. प्रत्येक १०० मीटर चढाला वर आणखी ५५-६०. पन्नास किलोमीटर आणि दोन हजार मीटर चढाई धरली तर चार हजारांच्या पुढे गेलो. यकृत आणि स्नायू मिळून ग्लायकोजेन असतं साडेचारशे-पाचशे ग्रॅम, म्हणजे जेमतेम दोन हजार कॅलरी. उरलेलं चरबीतून येतं, पण चरबी संथ जळते. चढावर वेग टिकवायचा तर बाहेरून साखर येत राहायला हवी.

सुरुवात तासाला ४० ग्रॅमने करा, जमेल तसं ६० वर न्या. वर सांगितलेलं पेय तासाला ६०० मिलिलिटर प्यालात तर ३६ ग्रॅम झाले. उरलेले २४ ग्रॅम एका केळ्यात किंवा एका जेलमध्ये, म्हणजे साखरेच्या घट्ट पाकाच्या पाकिटात, बसतात. जेल घेतलं की वर साधं पाणी, सरबत नाही. जेल आणि सरबत पोटात एकत्र आले की घट्ट पाक होतो, पोट ते पुढे सोडत नाही, उलट आतड्यात पाणी ओढून घेतं. मग मळमळ, मग झाडामागे धावाधाव. खजूर चांगला, पण साध्या बी काढलेल्या खजुरात पाच-सहा ग्रॅमच साखर असते. ६० ग्रॅमला दहा-बारा खजूर होतात आणि तेवढा चोथा पोट सहन करत नाही. दोन-तीन ठीक. राजगिऱ्याचा लाडू चढावर धाप लागलेली असताना खाऊ नका, भुगा श्वासनलिकेत जातो. चिक्की कोरड्या तोंडात दातांना चिकटते, आणि तिच्यातले शेंगदाणे पोटात रेंगाळतात. पाच-सहा तासांनी गोडाचा वीट येणारच, तेव्हा उपयोगी पडतो तो उकडलेला, मीठ चोळलेला बटाटा. छोटे बटाटे सोलून, दोन-दोन घासांचे तुकडे करून पिशवीत न्या.

पहिला घास अर्ध्या तासाच्या आत, भूक लागायची वाट न बघता. घड्याळाला वीस मिनिटांचा गजर लावा. खायची जागा म्हणजे सौम्य चढ, जिथे आपण चालतच असतो. खड्या चढावर श्वास आवरत नाही, उतारावर पोट हिंदकळतं आणि कातळटप्प्यावर हात मोकळे नसतात. उतार लागायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी खाणं उरकलेलं असावं. हे सगळं शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा करायचं नाही. आतड्यालाही सराव लागतो. आधीचे पाच-सहा आठवडे, दर लांब पळण्याला, तेच पेय, तोच बटाटा.

तरीही मळमळलं तर? बहुतेक वेळा वेग जास्त असतो आणि अंग तापलेलं असतं. रक्त पायांकडे आणि कातडीकडे गेलेलं असतं, पोटाच्या वाट्याला काही उरत नाही. अशा वेळी आणखी एक जेल कोंबणं हा सगळ्यांत वाईट उपाय. पंधरा-वीस मिनिटं सावकाश चाला, मानेवर-डोक्यावर पाणी घाला, साध्या पाण्याचे छोटे घोट घ्या. ढेकर आला, पोट हललं की मग अर्धा घास. उलटी झाली म्हणून शर्यत संपत नाही, उलट पुष्कळदा पोट मोकळं होऊन पुन्हा सुरू होतं.

ओआरएसबद्दल दोन शब्द, कारण त्याबद्दल फार गैरसमज आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे लिटरमध्ये २.६ ग्रॅम मीठ आणि फक्त १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. म्हणजे सोडियम भरपूर, कॅलरी जेमतेम ५४. ते हगवणीवरचं औषध आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनाबीस यांनी असंच मीठ-ग्लुकोजचं पाणी वापरून पटकीचे रोगी वाचवले. डोंगरात खारट घाम येणाऱ्याला ते उपयोगी आहे, पण इंधन म्हणून नाही. लिटरची पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतू नका. टेट्रापॅकमधलं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे, हेही लक्षात असू द्या.

आता सगळ्यांत गंभीर मुद्दा. पाणी कमी पडून त्रास होतो हे सगळ्यांना माहीत आहे, जास्त होऊन माणूस दगावू शकतो हे कमी जणांना. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉननंतर ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यात १३ टक्क्यांचं सोडियम लिटरमागे १३५ मिलिमोल किंवा त्याहून कमी, म्हणजे गरजेपेक्षा कमी होतं. कारण मुख्यतः अति पाणी. दमछाक, वेदना आणि मळमळ यांनी शरीरात असं संप्रेरक वाढतं की मूत्रपिंड जादा पाणी बाहेर टाकतच नाही. पेशी फुगतात, मेंदूही फुगतो. मिठाच्या गोळ्या खाऊन यातून सुटका नाही, प्यायचं प्रमाणच आवरावं लागतं.

डोकेदुखी, उलटी, गळाठा ही लक्षणं दोन्हीकडे सारखीच. म्हणून बसलेल्या धावपटूला पहिला प्रश्न विचारायचा: किती प्यालास, आणि लघवी कधी झाली? तोंड कोरडं, तहान, उभं राहिलं की अंधारी, आडवं करून पाय वर घेतले की बरं वाटतं, तर पाणी कमी पडलंय. भरपूर प्यालेला, बोटं सुजलेली, घड्याळाचा पट्टा रुतलेला, बोलणं भरकटलेलं, तर पाणी देऊ नका. पायथ्याच्या दवाखान्यात नेलं की सवयीने सलाइन लावायला घेतात. तिथे सोबत्याने डॉक्टरांना स्पष्ट सांगायला हवं की याने पाच तासांत सहा लिटर पाणी प्यालंय, आधी सोडियम बघा. खरी गरज असते ती तीन टक्क्यांच्या तीव्र सलाइनची, आणि तो निर्णय डॉक्टरांचा. अंग भट्टीसारखं तापलेलं आणि भान गेलेलं असेल तर मात्र तो उष्माघात. आधी जागेवरच ओलं करा, वारा घाला, थंड करा, हलवायचं नंतर.

गुडघा ठणकतो म्हणून मधेच आयबुप्रोफेन घेणाऱ्यांना एकच विनंती, घेऊ नका. पाणी कमी असताना ते मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी आवळतं.

मघाशी एकाने विचारलं, शर्यत संपल्यावर किती प्यायचं. गटागटा काहीच नको. तोरण्याच्या पायथ्याला, वेल्ह्याला उतरलात की सावलीत बसा, तहानेपुरतं पाणी घ्या आणि जेवा. पिठलं-भाकरी, वर मिरचीचा ठेचा आणि ताक, यात मीठ, पाणी, पिष्ट, प्रथिनं सगळं येतं. संध्याकाळपर्यंत लघवी फिकट पिवळी झाली पाहिजे. ती कोऱ्या चहासारखी तपकिरी असेल, किंवा सहा-सात तासांत झालीच नसेल, तर स्नायूंचे तुटलेले अंश मूत्रपिंडात अडकत असण्याची शक्यता आहे. अशा वेळी सकाळची वाट बघत घरी झोपू नका, त्याच रात्री रुग्णालय गाठा.