गवार, सबटायटल आणि मी

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? बरं. फळ्यावर विषय लिहिलाय 'कोरियाने हे जमवलं कसं', म्हणजे त्यांच्या सिरीयली नि सिनेमे जगभर पोचले कसे, तर तिकडे येतेच, आधी दोन मिनिटं घरचं सांगते. हसले ते माझ्या बहिणीचे मिस्टर, त्यांना माझी दोन मिनिटं माहितीयत.

मी बासष्टाव्या वर्षी कोरियन सिरीयली बघायला लागले. 2020, लॉकडाऊन, मुलीने 'क्रॅश लँडिंग ऑन यू' लावली आणि मी सवयीने गवार घेऊन समोर बसले. आता मला सांगा, आपल्या पिढीतल्या बायकांनी टीव्ही कधी बघितलाय का? आपण तो ऐकला. शेंगा मोडताना, कपड्यांच्या घड्या घालताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना. सिरीयलमधली सासू तीनतीनदा दचकते ना, ती आपल्यासाठीच, दोनदा हुकली तरी तिसऱ्यांदा सापडते. इथे ते चालेना. मान खाली घालून एक शेंग मोडली की वर बघेपर्यंत ओळ गेलेली. काय म्हणाला गं? मुलीने सांगितलं. परत, काय म्हणाला गं? शेवटी ती म्हणाली, आई, एक तर गवार नाहीतर हा. 'हा' म्हणजे ह्युन बिन, लष्करी गणवेशात. गवार आत गेली.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की मला कोरियाने नाही, सबटायटलने पकडलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी घरात रिकाम्या हातांनी सव्वा सव्वा तास बसले आणि कोणाला काही बोलताही येईना, कारण बाई वाचतेय, आणि वाचणाऱ्याला आपल्यात उठवत नाहीत.

पुरावा देते. 'दे जांग गम', 54 भागांची मालिका, 2003 ची, राजवाड्याच्या मुदपाकखान्यातली मुलगी पुढे राजवैद्य होते. ही आपल्या दूरदर्शनने 2006 मध्ये 'घर का चिराग' म्हणून हिंदीत दाखवली होती. आमच्याकडे चालू असायची! मला त्यातलं शष्प आठवत नाही. दोन वर्षांपूर्वी सबटायटल वाचत बघितली. त्यात बाई विचारतात, या मांसात गोडवा कशाचा? सगळ्या म्हणतात साखर, ही चिमुरडी म्हणते पिकलेलं पर्सिमॉन, ते बाजारात जपानी फळ म्हणून मिळतं ना, ते. कशावरून? तर म्हणते, चावल्यावर त्याची चव लागली म्हणून म्हटलं, आता कशावरून ते काय सांगू. मी रडले हो. 2006 ला या प्रसंगाच्या वेळी मी बहुतेक कणीक मळत असेन.

आता हे आमचे मिस्टर म्हणजे बहिणीचे, पाच वर्षं एकच वाक्य, 'अहो ताई, ते सगळे सारखेच दिसतात.' स्वतः जन्मभर काउबॉयचे पिक्चर बघितले, तिथे सगळ्यांना टोपी नि दाढी, हे माणूस घोड्यावरून ओळखतात! पहिले दोन भाग माझाही गोंधळ व्हायचा, खोटं कशाला बोलू. मग लक्षात आलं, चेहरा नाही, हात बघायचे. वडीलधाऱ्याचा ग्लास भरायचा तर दोन हातांनी, त्यांच्यासमोर प्यायचं तर तोंड बाजूला वळवून. आपल्याकडे लपून पितात, तिथे वळून पितात. कोण मोठं, कोण धाकटं, कोण मुद्दाम उद्धटपणा करतंय, सगळं तिथेच कळतं. आणि उठताबसता 'आयगो' म्हणतात, आपल्या 'आई गं'सारखं, त्याला सबटायटल लागत नाही.

वहिनींची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. अगंबाई.

बरं, कोरियाने कसं जमवलं, भराभर. 1994 मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांपुढे अहवाल आला की एका 'जुरासिक पार्क'ची कमाई म्हणजे 15 लाख ह्युंदाई गाड्या विकल्यासारखी. मग 1997 चं आर्थिक संकट, नाणेनिधीचं कर्ज, नुसत्या कारखान्यांवर भागणार नाही हे कळलं आणि 1999 ला सांस्कृतिक उद्योगांसाठी कायदाच केला. थिएटरांवर वर्षाला 146 दिवस कोरियन सिनेमा लावायची सक्ती होती, ती अमेरिकेच्या दबावाखाली 2006 ला 73 दिवसांवर आणली, तेव्हा कलाकार रस्त्यावर उतरले. मराठी सिनेमाला प्राइम टाइम मिळत नाही ते माझं दुसरं भाषण आहे, बोलवाल तेव्हा. आणि 'विंटर सोनाटा', 2002 ची, जपानात आपल्याच वयाच्या बायकांनी डोक्यावर घेतली. आधी डब केलेली दाखवली, तर बायकांना हिरोचा खरा आवाज हवा, शेवटी 2004 च्या डिसेंबरात मूळ आवाजात, सबटायटलसकट दाखवावी लागली. बघा, परत सबटायटल!

कुठून सुरू करू असं मघाशी कोणी तरी विचारलं. 'रिप्लाय 1988', वीस भाग, सोलमधली एक गल्ली. पहिल्याच भागात संध्याकाळी एक आई शेजारी वाडगाभर काही पाठवते, आता रिकामं भांडं परत कसं करायचं, आपल्यासारखंच, म्हणून तिकडून दुसरं येतं, आणि पोरं भांडी घेऊन गल्लीत एकमेकांसमोर. एक पोरगं वैतागून म्हणतं, त्यापेक्षा सगळे एकत्रच जेवू की. तेवढं बघा, आणि बघताना भाजी निवडायला घेऊ नका.

चहा आला वाटतं. स्टेजची पायरी कुठेय? आयगो.