मेण, पॉलिमर आणि नाशिकचे ऊन

श्रोतेहो, नमस्कार. कारचे वॅक्स आणि पॉलिमर पॉलिश यांपैकी घरच्या घरी काय वापरावे, असा आजचा विषय पत्रिकेत छापला आहे आणि त्या तुलनेकडे मी येणारच आहे. मात्र त्याआधी एक गोष्ट बोलणे मला अत्यावश्यक वाटते, कारण ती समजली नाही तर बाजारातून कोणताही डबा आणला तरी पैसे वायाच जातात. आपल्या गाडीच्या रंगावर पारदर्शक लेपाचा जो शेवटचा थर असतो, ज्याला कारागीर क्लिअर कोट म्हणतात, त्याची जाडी बहुतेक गाड्यांवर साधारण 35 ते 50 मायक्रॉन असते. माणसाचा केससुद्धा बहुधा याहून जाड भरतो. गाडीची चमक, रंगाची खोली आणि उन्हातील अतिनील किरणांपासूनचा बचाव हे सारे एवढ्याशा थराच्या भरवशावर चालते, आणि तो एकदा झिजला की पुन्हा रंगकाम केल्याखेरीज परत मिळत नाही.

आता गंगापूर रोड घ्या, इंदिरानगर घ्या किंवा नाशिकरोड घ्या. सकाळी कोणत्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभे राहिलात तर एकच दृश्य दिसेल. रात्रभर बसलेल्या धुळीवरून कोरडे फडके फिरते, आणि फार झाले तर तेच फडके एकाच बादलीत बुडवून पुढच्या चार गाड्यांवर फिरते. धुळीत वाळूचे कण असतात, ते क्लिअर कोटपेक्षा कठीण असतात आणि फडक्याखाली ते पॉलिशपेपरचेच काम करतात. ज्यांची गाडी काळी किंवा गडद निळी आहे त्यांनी उद्या सकाळच्या तिरप्या उन्हात बॉनेटकडे पाहावे, म्हणजे सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल फिरलेले बारीक ओरखडे दिसतील. मग ते घालवण्यासाठी आपण घासणारे पॉलिश लावून घेतो. त्या पॉलिशमध्ये अतिसूक्ष्म घर्षक कण असतात आणि ते क्लिअर कोट आणखी थोडा काढूनच पृष्ठभाग सपाट करतात. म्हणून नव्या गाडीला ‘पॉलिश मारून द्या’ असे सहज सांगणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की, त्या बाटलीत घर्षक आहे की नाही हे आधी वाचावे.

याच संदर्भात माझी एक जुनी तक्रार आहे आणि ती मला या सभागृहात मांडायचीच आहे. मी गाडी घेतली तेव्हा एका सर्व्हिस सेंटरमध्ये मला टेफ्लॉन कोटिंगचा आग्रह झाला. रंगावर कायमचे कवच बसेल, पाणी ठरणार नाही, ओरखडा उठणार नाही, असे सांगण्यात आले आणि चांगली घसघशीत रक्कमही घेण्यात आली. मी तिथेच थांबून काम पाहिले. गाडी नीट धुतली गेली नाही, भर उन्हात तापलेल्या पत्र्यावर स्पंजने एक द्रव फासला गेला आणि चहा होईपर्यंत तो पुसूनही झाला. पुढचा पावसाळा संपण्याआधीच बॉनेटवर पाणी पसरून बसू लागले. विचारायला गेलो, तर पुन्हा कोटिंग करावे लागेल, असे उत्तर मिळाले.

श्रोतेहो, टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई नावाचे पॉलिमर. रॉय प्लंकेट यांना 1938 मध्ये अमेरिकेत ते अनपेक्षितपणे सापडले. कशालाही न चिकटणे हाच त्याचा मूळ गुण आहे. ते वितळते सुमारे 327 अंश सेल्सिअसला, आणि तव्यावर बसवतानाही ते भट्टीत प्रचंड तापवून पक्के करावे लागते. गाडीच्या रंगाला तेवढी उष्णता देता येत नाही. दिली तर रंगच जळेल. मग त्या बाटलीतील जे काही पत्र्यावर थोडेफार टिकते ते सोबतचे सिलिकोन किंवा दुसरे पॉलिमर असते. ते घटक उपयुक्त आहेत याबद्दल माझे दुमत नाही. माझा राग त्या खोट्या आश्वासनावर आहे, कारण कवच बसले आहे या समजुतीने माणूस गाडीकडे पुढची दोन-तीन वर्षे लक्षच देत नाही.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा तुलनेकडे वळतो.

उत्तम वॅक्समधील मुख्य घटक कार्नोबा हा ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर येणारा मेणाचा थर आहे. तेथील कोरड्या उष्णतेत पानातील पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड तो तयार करते. औषधाच्या गोळ्यांवरची चकाकीही पुष्कळदा त्याचीच असते. शुद्ध कार्नोबा 82 ते 86 अंशांना वितळतो, परंतु तो इतका कडक असतो की, लावण्याजोगा व्हावा म्हणून त्यात द्रावके, तेले आणि मऊ मेणे मिसळतात. मे महिन्यात उघड्यावर उभ्या असलेल्या काळ्या गाडीचा पत्रा 70 अंशांच्या आसपास जाऊ शकतो आणि तिथे हे मिश्रण मऊ पडते. म्हणून वॅक्स सहा ते आठ आठवडे टिकते असे धरले, तरी आपल्या उन्हाळ्यात त्याहून कमीच धरावे. गडद रंगांवर त्याने येणारी ओलसर, खोल झळाळी मात्र मला पॉलिमरमध्ये दिसलेली नाही.

घर्षक नसलेली पॉलिमर पॉलिशे, म्हणजेच सीलंट, बहुधा सिलिकोनवर आधारित असतात आणि लावल्यावर रंगाला अधिक घट्ट धरतात. ती साधारण चार ते सहा महिने टिकतात, उष्णतेत आणि शॅम्पूच्या धुण्यातही वॅक्सपेक्षा तग धरतात आणि पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर त्यांची काचेसारखी चमक अधिक शोभते. अट एवढीच की, पुष्कळ सीलंटना पक्के व्हायला 12 ते 24 तास लागतात आणि त्या काळात गाडीला पाणी लागता कामा नये. म्हणून मेअखेरीस, पावसाच्या आधी सीलंट लावावे. वॅक्स नवरात्रात लावावे. दसऱ्याला गाडीची पूजा होते, बॉनेटवर हळद-कुंकवाची बोटे उठतात, आणि खाली ताजे वॅक्स असेल तर ती संध्याकाळी ओल्या कापडाने सहज निघतात. दोन्ही हवे असल्यास आधी सीलंट आणि दुसऱ्या दिवशी वर वॅक्स, हाच क्रम ठेवावा; मेणावर सीलंटला पकड मिळत नाही.

दिंडोरी, निफाडकडच्या द्राक्षबागायतदारांसाठी एक सूचना. बोर्डो मिश्रणाचे, म्हणजे बागेवर फवारतात त्या मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाचे, शिंतोडे गाडीवर वाळले असतील तर ते कोरडे कधीही घासू नयेत. भरपूर पाण्याने भिजवून मऊ करावेत. ज्यांच्याकडे बोअरचे जड पाणी आहे त्यांनी धुतल्यावर गाडी तशीच वाळू देऊ नये. पाण्याचे टपोरे थेंब वॅक्स जिवंत असल्याची खूण आहेत हे खरे, पण तेच थेंब उन्हात वाळले की त्यातील क्षारांचे पांढरे वळे रंगावर राहतात. गाडी सावलीत, गार पत्र्यावर, दोन बादल्या वापरून धुवावी, मायक्रोफायबरने टिपावी, पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून बॉनेटवरून फिरवावा आणि खरखर लागली तर क्लेने, म्हणजे रंगात रुतलेले कण ओढून काढणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने, पृष्ठभाग गुळगुळीत करूनच पुढचा थर लावावा. थर पातळच हवा. जाड थराने संरक्षण वाढत नाही, फक्त पुसण्याचे श्रम वाढतात.

वेळ संपली आहे. खाली पार्किंगमध्ये एका बॉनेटवर मधोमध चिकटपट्टी लावून एका बाजूला वॅक्स आणि दुसऱ्या बाजूला सीलंट लावून ठेवले आहे. ज्यांना घाई नाही त्यांनी खाली यावे, दोन्ही बाजूंवर पाणी टाकून पाहू.