बंबाचं नरडं, चुलीचं तोंड

श्रोतेहो, नमस्कार.

२०१८ च्या डिसेंबरअखेरीस नागपूरचा पारा साडेतीन अंशांवर उतरला होता, आठवतं ना? नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या गीझरनं राम म्हटलं. मग माळ्यावर पडलेला तांब्याचा बंब खाली उतरवला, चिंच लावून घासला, तोटीला नवा वायसर घातला आणि मी मोठ्या ऐटीत टालावर, म्हणजे सरपणाच्या वखारीवर, गेलो. टालवाल्यानं विचारलं, "कशासाठी पाहिजे, सर?" मी म्हटलं, "जाळायला." तो हसला. का हसला, ते तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला कळलं.

ज्यांच्या घरी बंब नव्हता त्यांच्यासाठी सांगतो. बंबात मधोमध एक उभी नळी असते, तिच्याभोवती पाणी. नळीच्या तळाशी जाळी, तिच्याखाली राख पडायची जागा. सरपण वरून नळीत सोडायचं. खालून हवा येते, जाळ वर चढतो आणि जाताजाता पाणी तापवतो. नळीची रुंदी आमच्या बंबात तळहाताएवढी. आणि मी आणलेली लाकडं मनगटाहून जाड, दीड-दीड फूट लांब. पहिलं लाकूड अर्ध्यावर तिरपं अडकलं. दुसरं त्यावर बसलं. हवेची वाट बंद झाली आणि न्हाणीघर धुरानं असं भरलं की शेजारच्यांनी दार वाजवलं.

आत्या उठून आली. तेव्हा तिची ऐंशी उलटली होती, माहेर काटोलकडचं, अर्धं आयुष्य चुलीपुढे गेलेलं. डोळ्याला पदर लावून म्हणाली, "अरे बाप्पा, काय कोंबून राहिला तू? बंबाचं नरडं केवढं, लाकूड केवढं! शाळेत पोरांना काय शिकवत होता रे?"

शाळेत मी तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवत होतो. ज्वलनाचा धडा तर दरवर्षी. म्हणून सरपण कसं फोडावं, याबद्दल आज जे सांगणार आहे, त्यातलं अर्धं पुस्तकातलं आहे आणि अर्धं आत्याचं.

आधी पुस्तकातलं. लाकूड पेटतं असं आपण म्हणतो, पण जाळ दिसतो तो लाकडातून निघालेल्या वायूचा. लाकूड अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपास तापलं की त्यातून जळणारे वायू सुटू लागतात. वाळलेल्या लाकडाच्या वजनातला सत्तर-ऐंशी टक्के भाग असाच वायुरूप होऊन जातो. उरतो तो कोळसा आणि चिमूटभर राख. त्या वायूला पुरेशी हवा आणि पुरेशी धग मिळाली तर जाळ, नाही मिळाली तर धूर. धूर म्हणजे न जळता निघून गेलेलं सरपणच. पैसे देऊन आणलेलं.

आता फोडण्याचा संबंध कुठे येतो? लाकूड उष्णता आत नेण्यात फार आळशी. जाड ओंडक्याचं वरचं साल काळं पडतं तरी आतलं लाकूड थंडच असतं. तो फोडला की तापायला अंग मिळतं. एक हिशेब करून पाहा. आठ इंच व्यासाचा गोल ओंडका उभा चिरून चार फोडी केल्या, तर बाजूंचा उघडा पृष्ठभाग सव्वादोन पटीहून थोडा जास्तच होतो. लाकूड तेवढंच, वजन तेवढंच, पण आग धरायला जागा दुपटीहून अधिक. त्याच फोडी आणखी बारीक केल्या तर आणखी जास्त.

म्हणजे बारीक फोड लवकर पेटते, जोरात जळते, लवकर संपते. जाड फोड सावकाश पेटते, सावकाश जळते, निखारा टिकवते. गॅसच्या शेगडीला नॉब असतो. चुलीचा नॉब म्हणजे लाकडाची जाडी. आत्याला हा नॉब हाताच्या बोटांवर पाठ होता. ती कधी इंच म्हणाली नाही. "करंगळीएवढी", "अंगठ्याएवढी", "मनगटाएवढी", एवढीच तिची मापं.

बंबासाठी तिनं मला सांगितलं: अंगठ्याएवढी जाड आणि वीतभर लांब, त्याहून मोठी नाही. नळीत फोडी उभ्या राहिल्या पाहिजेत, आडव्या पडता कामा नयेत, आणि निम्मी नळी मोकळी. त्या मापाच्या ढलप्या घातल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत तोटीतून वाफाळतं पाणी आलं. धूर फक्त सुरुवातीला, तोही नावाला.

चुलीचं गणित मात्र वेगळं. चुलीला पुढून तोंड असतं, लाकूड बाहेरून आत सारता येतं. त्यामुळे लांबी तिथे फारशी अडत नाही. टोक जळालं की पुढे ढकला. उलट थंड देशांतल्या बंद लोखंडी शेगड्यांत लांबीच सगळ्यात महत्त्वाची. दार लावायचं असतं, म्हणून आतल्या जागेपेक्षा लाकूड दोन-तीन इंच आखूडच कापतात. आपल्याकडे लांब लाकडाचा त्रास निराळा. हातभर बाहेर आलेलं लाकूड पायाला लागतं, चूल हलते, वरचं भांडं कलंडतं. लहान मुलं असतील तर हातभर लांबीही जास्तच.

आणि चुलीत पदार्थागणिक नॉब फिरवावा लागतो. पेटवायला आमच्या विदर्भात पऱ्हाटी नाहीतर तुराटी. कापूस आणि तूर निघाल्यावर ही काडी शेताच्या बांधावर रचलेलीच असते. ती फोडावी लागत नाही, नुसती मोडायची. डाळीसाठी मनगटाएवढी दोन लाकडं, एकमेकांना न चिकटवता. मधल्या फटीतून हवा खेळते. भाकरीसाठी अंगठ्याएवढ्या फोडी, कारण जाळ झटपट वाढवता-घटवता आला पाहिजे. आणि मांडे! उपड्या मडक्यावर हातानं पसरलेला तो पातळ मांडा सगळीकडे सारखा शेकायचा असेल, तर खाली जाळही सगळीकडे पसरलेला हवा. जाड लाकूड घाला, मडक्याची एक बाजू करपेल आणि दुसरी कच्ची. तिथे बारीक, कडकडीत वाळलेलं लाकूडच चालतं. रोडग्यांना, म्हणजे भाजायच्या कणकेच्या गोळ्यांना, तर जाळच नको. गोवऱ्यांचे फुललेले निखारे हवेत. महामार्गावर जागोजागी 'चुलीवरचं' अशा पाट्या दिसतात. तिथे थांबलात तर आधी चुलीच्या तोंडाकडे पाहा. मोठाले ओंडके धुमसत असतील तर भाजीला चुलीची नाही, धुराची चव येणार.

आपल्या नागपुरातच असलेल्या नीरी या पर्यावरण-संशोधन संस्थेनं 'नीरधूर' नावाची सुधारित चूल तयार केली आहे. तिची असो की दुसरी कुठली, सुधारित चुलीत आग पेटते ती जागा आटोपशीर असते. तिच्यात साध्या चुलीचे ओंडके कोंबले की ती बिचारी साध्या चुलीसारखीच वागते, आणि दोष मात्र चुलीला जातो.

आता कुऱ्हाड हातात घेऊ. जमिनीवर ठेवून लाकूड फोडू नये. घाव मातीत जातो, पातं बोथट होतं. खाली रुंद ठोकळा ठेवावा. ओंडका उभा करून त्याच्या माथ्यावरच्या तडा पाहाव्यात. वाळताना लाकूड आपण होऊन तडकतं. घाव त्या तडेवरच घालायचा. गाठ असेल तिथे कुऱ्हाडीशी भांडू नये. गाठीच्या बाजूनं फोडी काढून घ्याव्यात आणि गाठ होळीला द्यावी. मोठ्या ओंडक्याला आधी मधोमध न मारता कडेकडेनं ढलप्या काढल्या तर तो पटकन लहान होतो. पातं अडकलंच तर ओढाताण नको. पाचर ठोकून फट रुंदवावी.

लाकडागणिक स्वभाव वेगळा. सागाचे तुकडे सरळ चिरतात. लकडगंजच्या लाकूडबाजारामुळे ते इथे मिळतातही. कडुलिंबाची नस गुंतलेली, तो फोडणाऱ्याचा घाम काढतो. बाभूळ ओली असतानाच फोडावी, वाळली की लोखंड. काटोल-नरखेडकडच्या जुन्या संत्राबागा काढल्या की मिळणारं संत्र्याचं लाकूड बुटकं, वेडंवाकडं, पण घट्ट. त्याचा निखारा बराच वेळ राहतो. पळस फुलतो सुंदर, चुलीत मात्र कामाचा नाही. आणि शहरात झाड तोडायचं तर १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार परवानगी लागते, हेही ध्यानात असू द्या.

फोडण्याचा मुहूर्त होळीच्या आसपासचा. फोडलेलं लाकूडच नीट वाळतं, कारण साल ओल आत कोंडून ठेवते. आपल्याकडचं एप्रिल-मेचं कोरडं ऊन एरवी जीव घेतं, पण सरपण वाळवायला त्यासारखी भट्टी नाही. आणि ओल किती महागात पडते ते ऐका. ओल्या लाकडाच्या किलोत चारशे ग्रॅम पाणी असू शकतं. एवढ्या पाण्याची वाफ करण्यात जी उष्णता जाते, तिच्यात नळाचं तीन लिटर पाणी उकळीला आलं असतं. पाणी तापवायला लाकूड आणावं आणि लाकडानं आधी आपलंच पाणी तापवावं, असा तो प्रकार.

रचताना खाली दोन आडव्या बल्ल्या, भिंतीपासून वीतभर अंतर, एक थर उभा, एक आडवा. मृगाच्या आधी वरून पत्रा टाकावा; बाजू मोकळ्या ठेवाव्यात. प्लास्टिकनं सगळीकडून गुंडाळलेली थप्पी आतून बुरसते.

टालावर मी आता दरवर्षी जातो. गीझर दुरुस्त झाला, तरी बंब खालीच आहे. तोच टालवाला विचारतो, "कशासाठी, सर?" मी अंगठा दाखवतो आणि वीत पसरतो. तो फोडून देतो. थप्पीतून लाकूड काढताना मात्र पायात जोडे आणि हातात चिमटा असतो. गेल्या पावसाळ्यात दुसऱ्याच थरात विंचू निघाला होता.

नमस्कार.